ताकाची किटली आणि गाडीचे हिसके

मंगळवार, संध्याकाळ. वारजे.

आज चावी काढूनच घेणार होता. संतोष, माझ्या पोटचा पोरगा! का, तर गाडी हळू चालली की हिसके देते. गिअर आपोआप बदलणारी गाडी, पण पहिल्यातून दुसऱ्यात जाताना शिंगरासारखी उडी मारते. "आई, तुझा पाय जड पडतो. वय झालं, आता बास."

पाय जड! याच पायांनी सासऱ्यांचा ट्रॅक्टर चालवला, तेव्हा कुणी वय नाही विचारलं. तरी क्षणभर वाटलंच, असेल का माझाच दोष?

गाडी दाखवायला गॅरेजात गेलो, तर गॅरेजवाला सगळं संतोषलाच सांगत होता, जणू मी डिकीतलं सामान. मी म्हटलं, "अहो, आता संतोष चालवेल. तुम्ही पुढं बसा, मी मागं." बहिणीला द्यायची ताकाची किटली हातात होतीच. झाकण काढलं, दोन सीटांच्या मधे धरली. कर्वेनगरच्या गर्दीत पहिला हिसका बसला आणि अर्धं ताक गॅरेजवाल्याच्या पँटवर.

"आता हा पाय कुणाचा?"

गॅरेजवाला पँट पुसत म्हणाला, "काकू, या गाडीतही आत आपोआप चालणारा क्लच असतो, तो झिजलाय. बदलावा लागेल."

घरी येऊन संतोष पुन्हा तेच. "तरी पण वयाचा विचार कर."

केला. चावी माझ्या बटव्यात आहे. उद्या गाडी दुरुस्तीला मीच नेणार. दुरुस्त झाली की चालवणार पण मीच, आणि संतोष मागं बसेल, मांडीवर ताकाची भरलेली किटली घेऊन, बिनझाकणाची. एक थेंब सांडला तर चावी त्याची.