हिरव्या खणाची पुरचुंडी

बेलापूर,
ता. १४ नोव्हेंबर १९७१

राहात्याच्या मालकांस,
नमस्कार विनंती विशेष. इकडे सर्व खुशाल. तुळशीचं लग्न नीट पार पडलं, ऊस जोमात आहे, आबांचा खोकला आता कमी आहे. सासूबाईंचे गुडघे थंडीत धरत असतील. त्यांना माझा नमस्कार सांगावा आणि हे पत्र वाचून दाखवावं. मोठ्यानं.

तुमचं पत्र पोचलं. गाडी चालू झाल्याची बातमी तुमच्यापर्यंत भलतीच लवकर गेली. तुम्ही लिहिता, गाडी दुसऱ्या लग्नाच्या वरातीला हवी आहे, माणूस येईल त्याच्याकडे किल्ली द्यावी, आणि सोबतच्या काडीमोडीच्या कागदावर सही करून ठेवावी. गाडीची चौकशी चार ओळी केलीत. माझी एकही नाही. असू दे, गाडीचंच आधी लिहिते.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर आमच्या वस्तीजवळ ती बंद पडली, तेव्हा तुम्ही आबांना म्हणालात, "ही बसली की गाडी मरते. दोघींना ठेवून घ्या." आणि एस. टी.नं निघून गेलात. तेव्हापासून ती गोठ्याशेजारी होती आणि मी चुलीपाशी. तिच्यावर कोंबड्या बसायच्या. नगरच्या लष्करी साहेबाकडून केवढ्या हौसेनं आणली होतीत ती विलायती गाडी! दोनच माणसं बसतात तिच्यात. बंद पडली की तिसऱ्यावर ढकलायची सोयच नाही. चालवणारे तुम्ही, म्हणजे दोष शेजारच्या बाईचा.

मी तोही गिळला असता. पण उन्हाळ्यात आमच्या धाकटीला, चांगुणाला, बघायला राहुरीकडची मंडळी आली. मुलगी पसंत पडली, चहा झाला, आणि निघताना मुलाच्या आत्यानं उंबऱ्यातच विचारलं, "थोरलीच्या पायानं मोटार बंद पडती म्हनं, खरं हाय का?" त्यांचा निरोप काही आला नाही. पुढे आणखी एक स्थळ तसंच गेलं. चांगुणानं माझ्या ताटात वाढणं सोडून दिलं.

त्याच आठवड्यात मी पदर खोचून गाडीचं बॉनेट उघडलं.

आमच्या सहादेवाला विहिरीवरच्या इंजिनाची सवय आहे, म्हणून भावाला हाताशी घेतलं. प्लग बदलले, पॉइंट घासले, नवी कॉइल घातली. गावात गाडी झकास फिरायची. श्रीरामपूरच्या रस्त्याला लागून वेग धरला की गचके देऊन बंद. जरा थांबलं की परत सुरू, जसं काही झालंच नाही. सहादेव वैतागला. म्हणाला, "आक्का, लई खोटारडी हाय ही. दारात शानी, रस्त्यात मरती." मी म्हटलं, मग रस्त्यातच धरू तिला.

चालवायला मीच बसायचे. आबांच्या ट्रॅक्टरवर शिकले होते. तुम्ही कधी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. गाडी बंद पडली की जागच्या जागी तपासायचं, असं ठरवलं. प्लगवर ठिणगी चांगली पडत होती. पण मागे पेट्रोलच्या पंपाची जी टिकटिक असते, ती अशा वेळी एकदम भरभर व्हायची. पंप ओढत होता आणि येत काही नव्हतं. सहादेवानं नळी सोडली, ती कोरडी. तिच्यातून टाकीकडे जोरात फुंकर मारली, आत गुडगुडलं, आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. म्हणजे टाकीत काहीतरी होतं. वेगात ते ओढलं जाऊन नळीच्या तोंडावर बसायचं, इंजिन थांबलं की सुटून बाजूला व्हायचं. म्हणून गावातल्या गावात त्रास नव्हता. लांबचा पल्ला असला की हमखास बंद, आणि लांब तुम्ही मला घेऊनच जायचात, माहेरी नाहीतर नगरला. एकटे असताना बंद पडली, तर घरी येऊन "गरम झाली होती" म्हणायचात. मी असले की पायगुण.

टाकी उतरवली. तारेचा आकडा घालून सहादेवानं ते वर काढलं. हिरव्या खणाची पुरचुंडी, काळ्या दोऱ्यानं घट्ट बांधलेली. आत अंगारा.

खण मी लगेच ओळखला. माझ्याच लग्नात ओटीत आलेला.

सासूबाईंचं मी समजू शकते. व्यालेल्या म्हशीला त्या पेंडीतून अंगारा चारतात. गाडी पेट्रोल पिते, तर तिला पेट्रोलातून. नवी सून घरात आली, तिची बाधा लेकाच्या गाडीला होऊ नये एवढंच त्यांच्या मनात. त्यांचा मला राग आहे, पण तो साधा राग आहे.

तुमचा तसा नाही. माप ओलांडून आत आल्यावर मी खिडकीतून पाहिलं होतं. सासूबाईंनी विचारलं, "कुटनं पिती रं ही?" आणि तुम्ही हसत हसत टाकीचं झाकण फिरवून दिलंत. मला वाटलं, कुंकू लावताहेत. आत काय गेलं ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंत. पेट्रोलच्या टाकीत चिंधी पडली तर काय होतं, हे तुम्हाला माहीत नव्हतं असं मला सांगू नका. आईला दुखवायला नको म्हणून गप्प बसलात, आणि पुढे ते गप्प बसणंच तुम्हाला सोयीचं पडलं. माझी बहीण घरात बसली तरी चालेल, तुमचं तोंड काही उघडलं नाही.

खरं सांगते, पुरचुंडी परत टाकीत सोडून गाडी तुमच्याकडे धाडायची, असं मी ठरवलं होतं. वरात भर रस्त्यात थांबलेली मनात किती वेळा पाहिली, आणि दर वेळी गार वाटलं. मग ध्यानात आलं, शेजारी ती पोर असेल. सगळे तिच्याच पायांकडे बघतील. मला तुम्हाला रडवायचंय, तिला नाही.

म्हणून परवा शुक्रवारी मी गाडी काढून घोडेगावला गेले. बैलबाजार ऐन भरात होता. गाडी वाटेत कुठेही थांबली नाही. तुमचे होणारे सासरे पुंजाराम बैलाचे दात बघत होते. त्यांच्यापुढे पुरचुंडी धरली आणि सगळं सांगितलं, कुणापासून लपवण्यासारखं काही नव्हतंच. माणसं सौदे सोडून गोळा झाली. राहात्याचेही बरेच जण होते. पुंजारामांनी टोपी काढून डोकं पुसलं आणि म्हणाले, "बाई, माझी पोर म्या हिरीत ढकलीत हुतो. सुपारी मोडली, त्येला सांग." सांगितलं.

आता कागदाचं. सही मी करीन, मलाही तुमच्या घरी यायचं नाही. पण आधी तुम्ही बेलापूरच्या चावडीत यायचं, राहुरीच्या त्या मंडळींना मी बोलावीन, आणि त्यांच्यासमोर स्वतःच्या तोंडानं सांगायचं, की झाकण मी उघडलं, आईनं काय टाकलं ते मी पाहिलं, हिच्यात दोष नव्हता. तोवर सही नाही. सहीशिवाय दुसरी केलीत तर कायद्यानं तुरुंग आहे, वकिलाला विचारून घ्या. आणि नाही आलात, तर पुढचा बाजार राहात्याचा.

आबा म्हणतात, पोरी, इतकं ताणू नये. चांगुणानं काल माझं ताट वाढलं. मी ताणणार.

एक राहिलं. लग्न झाल्यापासून तुमचं नाव मी उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं. परवा भर बाजारात, पुरुषांच्या गराड्यात उभी राहून, मोठ्यानं घेतलं. जीभ अडखळेल असं वाटलं होतं. अडखळली नाही, श्रीमंत.

पुष्पावती