चौथी ब च्या डब्या

सोमवार, ९ जानेवारी १९८९
हेडसर आज खुशीत. सव्वीस जानेवारीला लाडू मुलांच्या हातावर न देता कागदी डबीत द्यावेत, ही माझी सूचना पटली. म्हणाले, "बाई, तुमच्या चौथी ब कडूनच करून घ्या." कार्यानुभवाच्या तासाला लगेच सुरुवात. चौकोनी कागद, चारही कोपरे मध्यावर, मग दोन्हीकडच्या कडा मध्यावर, उलगडून भिंती उभ्या. शेजारच्या लूमच्या, यंत्रमागाच्या, खडखडाटात ओरडून घसा बसला. वनिता सगळ्यांच्या आधी शिकली. आमच्याच वस्तीतली, टेमघरची. नखानं अशी घडी दाबते की कागद परत उघडत नाही.

शुक्रवार, १३ जाने.
लूमला सुट्टी, म्हणून वर्गात स्वतःचा आवाज ऐकू आला. दीडशे डब्या तयार. हेडसर म्हणतात, "जुन्या प्रश्नपत्रिकांच्या केल्यात. शाई लागेल लाडवांना." बरोबर आहे. पण कागद त्यांनीच दिला होता! तेव्हा डोळे कुठे होते? कोरा मागितला तर, "बघू."

बुधवार, १८ जाने.
पोरांनी आपापल्या चित्रकलेच्या वह्या फाडल्या. पुन्हा दीडशे. सरांच्या टेबलावर रचून ठेवल्या. एकही उचलून पाहिली नाही.
"लाडू देणाऱ्या शेठचं म्हणणं आहे, डब्या चौथी अ ने कराव्यात. तुम्ही त्यांना शिकवा फक्त."
का?
"विशेष काही नाही हो. देणाऱ्याचं मन राखावं लागतं."
शिपाईण शांताबाई झाडता झाडता बोलली, "बाय, शेठच्या घरून इचारलं व्हतं, डब्या कोन करतंय. तुमचा नाव, पोरांची वस्ती, सगला सांगितला सरांनी."
म्हणजे शाई नव्हती लागणार. आम्ही लागणार होतो.
घरी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "नोकरीत गिळावं लागतं थोडं." थोडं म्हणजे किती? डी.एड.ला गिळलं, पहिल्या शाळेत वेगळ्या माठाचं पाणी गिळलं. आता माझ्या वर्गातल्या नऊ वर्षांच्या पोरांनाही गिळायला शिकवू?

शनिवार, २१ जाने.
अ वर्गावर जाणार नव्हते. पाटीलबाई, त्यांच्या वर्गशिक्षिका, स्वतः बोलवायला आल्या. "मला घडी जमत नाही, करून दाखवा ना."
गेले. अ च्या पोरांचे कोपरे वाकडे. एकेकजण आपली डबी टेबलाशी घेऊन आला, मी एकेक सरळ करून दिली. सगळ्या डब्यांना माझी बोटं लागली. शेठना हे कोण सांगणार आहे?
बाहेर पडताना पाटीलबाईंना सरळ विचारलं, "ब च्या का नकोत, माहीत आहे ना तुम्हाला?"
खाली बघून म्हणाल्या, "माहीत हाय." एवढंच. चिडले. पण त्या खोटं बोलल्या नाहीत.

गुरुवार, २६ जाने.
जसं आठवतं तसं लिहिते.
झेंडावंदनाआधी वर्गाचं कपाट उघडून ब च्या मुलांना सरांच्या टेबलावरून परत आणलेल्या त्यांच्याच डब्या दिल्या. आमची रांग लागली तसे हेडसर जवळ आले. दबक्या आवाजात, "बाई, त्या डब्या खाली ठेवायला सांगा."
मी म्हटलं, "तुम्ही सांगा. माइकवरून. कारणासकट."
माइक त्यांच्याच हातात होता. तो तसाच खाली धरून मंचाकडे वळले.
शेठच्या पत्नी लाडू वाटत होत्या. अ ला डबीत ठेवत होत्या, आमच्यांना वरून टाकायला लागल्या. वनिताचा लाडू डबीच्या कडेला आपटून मातीत पडला. तिनं उचलला नाही. रडली नाही. डबी पुढे धरून तशीच उभी.
"दुसरा घे," म्हणून वरून सोडायला गेल्या, तर हिनं डबी मागे घेतली.
"डबीत ठेवा."
रांग पुढे सरकेना. सगळं मैदान बघतंय. शेवटी शांताबाईनं ताटातला एक उचलून डबीत ठेवला.
आणि मी काय केलं? वनिताच्या अंगावर ओरडले, "चल, पुढे सरक!" जिला जवळ घ्यायचं तिच्यावरच. का ओरडले? कुणाला घाबरले?

शनिवार, २८ जाने.
मेमो. "कार्यक्रमात अडथळा आणल्याबद्दल मंगळवारी बारापर्यंत लेखी खुलासा." हे म्हणतात, दोन ओळी दिलगिरीच्या लिही, मिटव. मी जेवताना ताटावरून उठले. ह्यांनीही जेवण टाकलं.
वनिता कालपासून शाळेत नाही.

मंगळवार, ३१ जाने.
खुलासा परवाच लिहून झाला. एक पान, घडलं तसं. दिलगिरी नाही. काल पाटीलबाईंना वाचायला दिला. साक्षीदार म्हणून खाली सही कराल का, विचारलं. दोनदा वाचून पर्समध्ये ठेवला. "घरी विचारून उद्या सांगते."
आज त्या आल्या नाहीत. रजेचा अर्जही नाही. कागद त्यांच्याकडेच.
सकाळी वनिताच्या घरी जाऊन आले. आई म्हणाली, "पोरगी ऐकत न्हाय बाई. म्हणते, बाई माझ्यावर रागावल्यात." वनिता दाराआडून बघत होती. मी म्हटलं, "तुझ्यावर नाही गं." बाहेर आली नाही.
साडेअकरा झाले. दुसरा कागद घेतला. परवाच्यात 'एक देणगीदार' असं लिहिलं होतं. ह्यात शेठचं नाव घालते. खाली सही सध्या माझी एकटीची. शेजारी जागा सोडून ठेवते, साक्षीदाराच्या सहीसाठी.