रात्री बंद होणाऱ्या फ्रीजरबाबत

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी,
वीज व देखभाल कक्ष,
संशोधन संस्था

विषय : जीवरसायन विभागातील फ्रीजर वीजबचतीच्या आदेशातून वगळणेबाबत (तिसरी विनंती)
संदर्भ : माझ्या दुसऱ्या अर्जावरील आपला शेरा

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविते की, औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंवर काम करण्यात माझी नोकरीतली सारी वर्षे गेली. हे जंतू एक एन्झाइम बनवतात आणि ते एन्झाइम औषधाला कामाला लागण्याआधीच तोडून टाकते. वेगळे काढलेले एन्झाइम टिकवायचे तर फ्रीजर अहोरात्र चालू ठेवावा लागतो. ऑफिस सुटल्यावर सर्व यंत्रे बंद करावीत, हा आपला आदेश पहारेकरी मामा इमानेइतबारे पाळतात. मी चिठ्ठी लावून पाहिली, हात जोडून पाहिले. साहेबांनी लिहून द्यावे, मग बटणाला हात लावणार नाही, असे ते म्हणतात. त्यांचे काही चुकत नाही.

२. आपला शेरा असा : "जंतू मारणे हेच सदर विभागाचे काम असल्याने फ्रीजर बंद राहण्यास हरकत नसावी." तो वाचून मी कपाळाला हात लावला. शनिवार-रविवार फ्रीजर बंद राहिला आणि आज उघडते तो आत सगळे पाणी. आपल्या माहितीस्तव, जंतू मेलेले नाहीत, ठणठणीत आहेत. वाया गेले ते तीन आठवडे खपून काढलेले एन्झाइम. पाहुण्यांच्या खोलीतील फ्रीज मात्र 'अत्यावश्यक' म्हणून चालू होता. तो मी स्वतः उघडून पाहिला. पाण्याच्या बाटल्या उत्तम गार आहेत.

३. आता अर्जात लिहू नये ते लिहिते. हे जंतू माझ्या थोरल्या बहिणीच्या जखमेतले आहेत. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ताईची जखम भरत नाही. आता दोनच औषधे उरली आहेत आणि दोन्ही एकदम तिच्या मूत्रपिंडांना झेपणार नाहीत. हॉस्पिटलच्या चाचणीत दोन्ही चालतात, पण मागचे औषधही तसेच चालले होते आणि आठवड्यात निकामी ठरले. कोणते औषध या एन्झाइमला तुटत नाही, हे मी आज पाहणार होते. डॉक्टरांचा सकाळपासून दोनदा फोन आला. कोणते औषध सुरू करायचे, असे ते विचारतात. मला आपला अतिशय राग आला आहे, हेही नम्रपणे नमूद करते.

४. घाईघाईत थोडे एन्झाइम पुन्हा काढायलाही चार दिवस लागतील. तेवढे दिवस तरी एक प्लग चालू ठेवण्याची लेखी परवानगी आजच मिळावी. ते शक्य नसल्यास, दोनपैकी कोणते औषध ताईला द्यावे, हे आपण याच अर्जावर नेहमीप्रमाणे शेरा मारून, सहीनिशी कळवावे. डॉक्टर वॉर्डात थांबले आहेत.

आपली, अजूनही नम्र,
(सही)
जीवरसायनशास्त्रज्ञ
सोमवार, दुपार

सोबत : आपल्या शेऱ्याची प्रत, वितळलेल्या एन्झाइमच्या नळ्यांचा डबा (रिकामा, धुतलेला)