हासलरीडच्या खांबावरची पाटी

३ फेब्रुवारी
आजपासून रोज पहाटे दोन अक्षरं, मगच न्याहारी. चाळीस वर्षं आमच्या खाटकाच्या दुकानातल्या सॉसेजच्या भावपाट्या मीच रंगवल्या. मला कोण शिकवणार? जुन्या बायबलात असतात तशी काळी, टोकदार अक्षरं, पण फॉन्ट माझा स्वतःचा. मेच्या एक तारखेला, वसंताच्या सणाला, आमच्या हासलरीड गावचा उंच सजवलेला खांब उभा राहील, त्यावर गावाच्या नावाची पाटी याच अक्षरांत. खांब-मंडळाच्या क्विरीननं शब्द दिलाय. मग म्युनिकचे बिअरवाले बाटल्यांवरच्या अक्षरांसाठी दारात रांग लावतील.

९ फेब्रुवारी
अक्षरं: शून्य. न्याहारी: वेळेवर.

२ मार्च
मोठी, म्हणजे कॅपिटल अक्षरं जमली. एकेकाला काय फुलोरे! छोटी राहिली, पण हवीत कशाला? पाटीवर सगळी मोठीच लावतो. बायको म्हणाली, अरे, या लिपीत मोठं अक्षर शब्दाच्या तोंडाशी एकच शोभतं. सगळीच मोठी म्हणजे गावात सगळेच सरपंच. तिला काय कळतंय! फॉन्टला तिचंच नाव दिलं: ‘वाल्बुर्गा जाड’. ऐकून दिवसभर बोलली नाही. हरखली असणार.

१२ एप्रिल
पाटी तयार. क्विरीननं मान वाकडी करून बघितली. मग म्हणाला, कोर्बिनियनकाका, उलटी तर नाही ना धरलीत? मोठा विनोदी पोरगा.

२७ एप्रिल, रविवार, दुपार
खांब कोठारात आडवा पडलाय. शेजारच्या गावचे लोहबाखवाले टपलेत. खांब पळवायचा आणि बिअर उकळून परत द्यायचा, ही आमच्याकडची रीत. मात्र राखणदारानं खांबावर नुसता हात ठेवला, की चोरांनी मुकाट्यानं माघारी जायचं. सगळे जेवायला निघाले. म्हटलं, निर्धास्त जा, मी आहे. सोबतीला पाटी आहेच.

संध्याकाळ
दोन अनोळखी बायका आल्या होत्या. म्हणाल्या, अगंबाई, काय ही कला! आजोबा, जरा उजेडात दाखवा ना. अंगणात नेऊन एकेक फुलोरा समजावला. एवढी रसिक माणसं हल्ली मिळत नाहीत. मागे ट्रॅक्टर घरघरत होता. रविवारी कोण नांगरतंय, असं मनात आलं खरं. हात ठेवायला हवा होता, पण दोन्ही हात पाटीला.
खांब गेला. क्विरीन जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही.

२८ एप्रिल
लोहबाखवाल्यांची मागणी: दोन पिंपं बिअर, आणि ती पाटीही पाठवा, आम्हीच ठोकून देतो. बघा! शत्रूच्या गावातही आपलं नाव.

१ मे
खांब वाजतगाजत आला, उभा राहिला. वर माझी पाटी. तिच्याखाली लोहबाखवाल्यांनी ठोकलेला पुठ्ठा, त्यावर मार्करनं साध्या अक्षरांत: हासलरीड. सगळं मैदान हसलं. पाद्रीबाबा म्हणाले, हां, आत्ता वाचता आलं.
क्विरीनला म्हटलं, पुठ्ठा काढ. तो म्हणाला, काढणारच काका, पावसात टिकणार नाही. तेवढं नाव तुम्ही फळीवर रंगवून द्या. मात्र भावपाट्यांच्या अक्षरांत.
वाल्बुर्गानं जुना ब्रश धुऊन ठेवलाय. विचारलं, या अक्षरांना काय नाव देऊ? म्हणाली, या खेपेला स्वतःचं दे.
उद्यापासून. न्याहारीनंतर.