गोरखचिंचेचा डबा

चि. सौ. मोनास आईचे आशीर्वाद.

पोटुशी असताना सातव्या महिन्यात तू सासरहून, खातेगावहून फोन केलास, "आई, मांडूची गोरखचिंच घेऊन ये ना. जेवण जातच नाही."

माझ्याकडे गिऱ्हाइकांच्या लग्नाच्या कपड्यांची शिलाई होती. मी दोन फळं मागवली, फोडून पांढरा गर डब्यात भरला आणि खातेगावच्या बसच्या ड्रायव्हर भियाकडे दिला. फोनवर तुला सांगितलं, "गर पाण्यात कालव, गूळ घाल, सरबत पी. बरं वाटेल."

तू विचारलंस, "म्हणजे तू येत नाहीस?"

आठवड्याभरात बाळ पोटातच गेलं. दवाखान्यात तुझ्या पाठीवरचे वळ पाहून मी म्हटलं, "चल, धारला घरी." तू म्हणालीस, "आता कशाला?" आणि जावयांच्याच गाडीत बसलीस.

मी सगळ्यांना सांगते, आम्हाला काही कळलंच नाही. हे पत्र मी पाठवणार नाही, म्हणून खरं लिहिते. गोरखचिंच मागितलीस त्या दिवशी तू फोनवर रडत होतीस, ते मला ऐकू आलं होतं. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, आणि मग तुला घरी आणावं लागलं असतं. म्हणून मी विचारलं नाही.

तुझी,
आई