पहिल्या रांगेतली खुर्ची

३ एप्रिल
वरच्या धरणाचं पाणी बोगदा खणून शेजारच्या शहराला द्यायचं घाटतंय. म्हणजे आपल्या नदीत उरणार काय, तर पुलाचे खांब. आत्ताच नळाला दिवसाआड पाणी. मग आठवड्यातून एकदा येईल. आता गप्प बसणं शक्य नाही. आंदोलन उभारणार. शिवाय यापुढे पहाटेचं पाणी हिच्याऐवजी मी भरणार. सुरुवात घरापासून.

५ एप्रिल
पहाटे जाग आली नाही. पाणी हिनेच भरलं. झोपताना डोक्यात आंदोलन होतं, त्याचा परिणाम.
दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. (लोकांना हल्ली चष्मे लागत नाहीत की काय?) तेवढ्यात नदी बचाव समिती स्थापन केली. अध्यक्ष मी. सभासदही सध्या मीच.

८ एप्रिल
शेजारच्या दुकानातला केमिस्ट सभासद झाला. आल्या आल्या पहिला प्रश्न, अध्यक्ष कोण? त्याला कार्याध्यक्ष केलं. तर म्हणे, कार्याध्यक्ष कार्य करणार, मग अध्यक्ष काय करणार? असल्या कोत्या मनामुळेच नद्या आटतात.

११ एप्रिल
पहिली बैठक, आमच्या घरी. रबरी शिक्का, बॅनरचा रंग, बॅनरवर अध्यक्षांचा फोटो केवढा, या विषयांवर सखोल चर्चा. केमिस्टचं म्हणणं, फोटो नदीचा हवा. शेवटी दोन्ही घ्यायचे ठरले. नदीचा पासपोर्ट साइज.
चहाचे कप उचलताना हिने विचारलं, नदीचं काय ठरलं? म्हटलं, तो विषय पुढच्या बैठकीत.

१४ एप्रिल
मेव्हणे येऊन गेले. हिचा धाकटा भाऊ, वकील. २८ तारखेला शाळेच्या हॉलमध्ये जनसुनावणी आहे. नियम असा की हजर असलेल्या सगळ्यांनी एकमुखाने विरोध केला, तर प्रस्ताव परत पाठवावाच लागतो. एकानेही समर्थन केलं, तर ‘मतभेद आहेत’ असा शेरा मारून पुढे सरकवतात.
निघताना म्हणाले, “दाजी, भाषणं कमी करा, माणसं गोळा करा.” वकील असून वक्तृत्वाची किंमत नाही.
पण असा घरभेदी निघणार कोण? केमिस्टवर नजर ठेवायला हवी.

१८ एप्रिल
आज घरोघर जाऊन लोकांना सुनावणीचं सांगायचं होतं. गुडघा दुखला. (जिने फार.) ही आणि केमिस्ट जाऊन आले. दोघंही उन्हाने लाल झाले होते. मी दुकानात बसून भाषण लिहिलं. मी जास्त दमलो, कारण डोक्याचं काम.
केमिस्ट म्हणाला, वहिनींमुळे लोक तयार झाले. वहिनींना भाषण कोणी शिकवलं, हे त्याच्या लक्षात येत नाही.

२१ एप्रिल
पहाटे उठलो. स्वतःहून. नळ सोडला, धार करंगळीएवढी. बादली भरेपर्यंत जरा पडलो.
जाग आली तेव्हा गल्लीभर पाणी. केमिस्टची बायको समोरच्या गॅलरीतून बघत होती. हिने खराटा घेऊन पाणी गटारात लोटलं. आता मुद्दाम कोणी सांडतं का? नळाच्या चावीतच दोष आहे. नगरपालिकेकडे तक्रार करणार.

२८ एप्रिल
ऐतिहासिक दिवस.
सकाळीच जाऊन पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर हातरुमाल टाकून आलो. शहाणपणा केला, कारण नंतर हॉल ओसंडून वाहिला. भिंतीला टेकून बायका, दारात म्हातारी माणसं. केमिस्ट उशिरा आला. जागा नाही म्हणून थेट माझ्या मागे उभा राहिला आणि माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. खुर्चीवर डोळा आहे, हे मी ओळखलं.
सुनावणी घ्यायला आलेले साहेब म्हणाले, भाषणं नकोत, वेळ नाही. माझं भाषण मांडीवर तसंच. मग म्हणाले, “ज्यांचा विरोध आहे त्यांनी उभं राहावं.”
सगळा हॉल उभा राहिला. मीही अर्धा उठलो. पण केमिस्टचा हात खुर्चीवरच. रुमाल तर मी खिशात घातलेला. बसलो. अध्यक्षांचा विरोध गृहीतच असतो.
मागून हिचा आवाज आला, “अहो, उठा.” मी हातानेच धीर धर म्हटलं.
साहेबांनी माझ्याकडे पाहून विचारलं, “आपण?”
मी म्हटलं, “मी बसूनच ठीक आहे.”
साहेबांनी लेखनिकाला ‘समर्थन, एक’ असं लिहायला सांगितलं. आंदोलनाला अध्यक्षांचं समर्थन, अशा अर्थी असणार. एकूण छाप पडली.
घरी येताना ही केमिस्टच्या बायकोबरोबर पुढे निघून गेली.

३० एप्रिल
पेपरात फोटो. अख्खा हॉल उभा आणि मधोमध एक माणूस बसलेला, किंचित हसतोय. खाली मजकूर: ‘प्रस्तावाला पाठिंबा देणारे एकमेव नागरिक’.
मेव्हण्यांचा फोन. म्हटलं, खुलासा करतो. म्हणाले, सुनावणी संपली दाजी, शेरा मारून फाईल वर गेली.
केमिस्टला सांगायला गेलो, की तू खुर्चीवरचा हात काढला असतास तर ही वेळ आली नसती. तो म्हणाला, “मला चक्कर येत होती हो. सकाळपासून माणसं आणत होतो.” आणि औषधं लावायला लागला.
दुकान लवकर बंद केलं. पुलावर जाऊन उभा राहिलो. पाणी चांगलं होतं. वाईट वाटलं, खरंच वाटलं. इथे उभं राहायला गुडघा अजिबात दुखला नाही.

९ जून
बोगदा मंजूर. धरणात साठा करायचा म्हणून नदीत पाणी सोडणं कमी केलंय. नळाला आता चार दिवसांनी पाणी.
आज पोस्टाने जाड कागदाचं आमंत्रण आलं. बोगद्याच्या कामाचा शुभारंभ. ‘आपल्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची राखीव आहे.’
जावं का? निषेध म्हणून गेलो तर?
हिने वाचलं. म्हणाली, “जा की. बसायचंच आहे, ते तुम्हाला जमतं.”
उद्या पहाटे पाणी येणार आहे. गजराचं घड्याळ हिने माझ्या उशाशी आणून ठेवलंय, आणि स्वतः बाहेरच्या खोलीत जाऊन झोपली.