वहिनीची शेवटची नळी

प्रिय कृष्णातदादा,

फोनवर तू नुसतं हूं-हां करतोस आणि मी उगाच हवापाण्याच्या गप्पा मारत बसते, म्हणून आज कागद घेतला. तुझी सृष्टी आता धरून उभी राहते, आणि उभी राहिली की सगळ्या गल्लीला हाका मारते. तिचा डांग्या खोकल्याच्या लसीचा राहिलेला तिसरा डोसही झाला. सुई टोचली तेव्हा ती थोडी रडली, पण तिच्यापेक्षा आपली आईच जास्त रडली.

आईचं रडणं तुला कळेल. तुमच्या पहिल्या बाळाला डोसचं वय व्हायच्या आधीच तो खोकला लागला, आणि आई बिचारी औषध म्हणून गाढविणीचं दूध शोधत पलूसभर फिरली. बाळ गेलं. मायावहिनीला पुन्हा दिवस राहिले तेव्हा मी तिला इथल्या, साताऱ्याच्या आमच्या प्रयोगशाळेतल्या अभ्यासाबद्दल सांगितलं. लस गरोदरपणीच आईला द्यायची, म्हणजे बाळ जन्मतःच थोडंफार सुरक्षित असतं. आणि आईच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्या जंतूला ओळखायला किती शिकल्या, ते आम्ही मोजायचं. दुसऱ्याच दिवशी बाईसाहेब किर्लोस्करवाडीला गाडीत बसून इथं हजर!

एवढं पोट घेऊन ती प्रयोगशाळाभर हिंडली. द्रव नायट्रोजनचा डबा बघून म्हणाली, "आवं वन्सं, ह्यो तर आपली म्हस भरवायला येतो त्या डाक्टरचा डबा!" आमचे सरसुद्धा हसले. मी तिला समजावलं, ह्यात तुझ्या पेशी राहणार, गोठलेल्या पण जिवंत. ऊब दिली की जाग्या होतात. मग त्यांच्यापुढे मेलेल्या जंतूचे तुकडे टाकायचे. ज्यांना ओळख पटते त्या खवळून उठतात आणि यंत्र त्यांची मोजदाद करतं. त्यावर ती म्हणाली, "खवळू द्या की. माझं लेकरू खाल्लंय त्यानं." मग स्वतःच बाही वर केली. सुईला किती भ्यायची ती, तुला माहीत आहे.

सृष्टी चार महिन्यांची असताना आष्ट्याच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली उलटली आणि वहिनी तिच्याखाली सापडली. तिकडे सरहद्दीवर बर्फानं तुझ्या चौकीचा रस्ता बंद. तू पोचलास तोवर सावडणंसुद्धा उरकून अस्थी नदीत सोडल्या होत्या. भिलवडीच्या घाटावर नदीकडं बघत तू म्हणालास, "समे, माझ्यासाठी कायच ठिवलं न्हाई व्हय गं?" त्यानंतर तू रजेवर आलाच नाहीस. मला तुझा लय राग येतो दादा, आणि राग येता येता रडूच येतं. पोर तुझ्या फोटोला मामा म्हणायला लागेल अशानं.

आता लिहायचं कारण. वहिनीच्या बाकीच्या नळ्या वापरून झाल्या, एक उरली आहे. करंगळीएवढी. तिच्यातल्या पेशी अजून जिवंत आहेत. पुढच्या महिन्यात अभ्यासातल्या सगळ्या आयांच्या नळ्या एकदम वितळवायच्या आहेत, आणि एकदा वितळवून मोजलं की संपलं, पुन्हा काही उरत नाही. सर म्हणाले, घरच्यांना नको असेल तर तिची नळी वगळू. पण ती नुसती गारठवत ठेवायची तरी कुणासाठी? वहिनीनं ती दुसऱ्यांच्या लेकरांसाठी दिली होती. नळी बाहेर काढली की कोमट पाण्यात धरून हळूहळू हलवावी लागते, आतला बर्फ सुटेपर्यंत. रोज मीच हे करते. वहिनीच्या नळीला मात्र माझा हात नको. मी सरांना विचारलं, ते हो म्हणाले. तू रजा टाक आणि ये, दादा. ती जागी होताना तुझ्या हातात असू दे.

वाट बघणारी तुझीच,
समी